मदत हवी आहे: बॅलेच्या टुटूच्या बॉडिससाठी कोणते कापड निवडावे?

एका नर्तिकेच्या मापाने क्लासिकल टुटू (आडव्या ताठ घेराचा बॅले पोशाख) शिवायचा असून बॉडिसच्या, म्हणजे धडावर घट्ट बसणाऱ्या वरच्या भागाच्या, कापडापाशी काम अडले आहे. घेर कडक नायलॉन जाळीच्या 10 थरांचा, सर्वांत लांब थर वर आणि खालचे क्रमाने आखूड, असा ठरला आहे. त्याबद्दल शंका नाही.

बॉडिसचे नमुने शिवून पाहिले. लायक्रा अंगाला सुखाचा वाटला, पण पाठीवरच्या हुकांपाशी तो ओढला जातो आणि मणी लावलेले टाके ताणाखाली तुटतात. पॉलिएस्टर सॅटिन घाम शोषत नाही आणि प्रकाशझोतात नको तितके चकाकते. सुती ड्रिलचे (जाड, घट्ट विणीच्या कापडाचे) अस्तर लावलेले ड्युपियन (किंचित खरखरीत, कडक) रेशीम आकार उत्तम धरते (दिसायलाही तेच सर्वांत देखणे), मात्र हात वर गेले की संपूर्ण बॉडिस वर सरकतो.

सलग प्रयोगांमुळे पोशाख मध्ये धुता येणार नाही. जोडीदार कमरेला धरून उचलतो, म्हणून बाजूचे तुकडे निसरडे नकोत आणि तिथे मणीकामही नसेल. कमरेखालचा पट्टा वेगळा कापला आहे, आणि पुढच्या-मागच्या तुकड्यांत उभा धागा सरळच ठेवायचा आहे.

म्हणून प्रश्न फक्त बाजूच्या तुकड्यांचा आहे. तेच रेशीम अस्तरासकट उरेब (धाग्यांना तिरके, म्हणजे ताणले जाईल असे) कापावे, की तेवढ्या भागापुरते पॉवरनेटचे (मजबूत, ताणल्या जाणाऱ्या जाळीचे) अस्तर देऊन वर स्ट्रेच सॅटिन वापरावे? आणि उरेब कापल्यास घामाने व वारंवार ताणाने ते तुकडे कायमचे सैल पडतात का?