'एन्ड्युरन्स' माहितीपट: हर्लीच्या फिल्मला रंग दिले ते एक वेळ चालेल, पण गेलेल्या माणसांना आवाज?

रिकामी_रीळ

नॅशनल जिओग्राफिकचा २०२४ चा 'एन्ड्युरन्स' काल दुसऱ्यांदा पाहिला आणि पहिल्या वेळी जे टोचलं होतं ते या वेळी जास्तच टोचलं.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्रिटिश ध्रुवसंशोधक अर्नेस्ट शॅकलटनचं 'एन्ड्युरन्स' हे जहाज जानेवारी १९१५ मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रात बर्फात अडकलं. बर्फाने ते नऊ महिने दाबत दाबत चिरडलं आणि २१ नोव्हेंबरला ते बुडालं. २८ माणसं आधी बर्फावर तंबूत राहिली, मग होड्यांतून एलिफंट बेटावर गेली आणि शेवटी सगळीच्या सगळी जिवंत परतली. ५ मार्च २०२२ ला ते जहाज ३,००८ मीटर खोलीवर सापडलं. माहितीपटात तेव्हाची मोहीम आणि २०२२ चा शोध हे दोन्ही प्रवास आलटून पालटून येतात. मोहिमेचा छायाचित्रकार फ्रँक हर्ली याने तेव्हा खरोखर फिल्म काढली होती. तिला रंग दिलेत. आणि मोहिमेतल्या माणसांच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून एआयने त्यांचे आवाज बनवून त्या आवाजांत त्यांच्याच डायऱ्या वाचल्यात.

रंगांबद्दल माझी कुरकुर आहे, भांडण नाही. भांडण आवाजाशी आहे. डायरी लिहिणारा माणूस तंबूत, गारठलेल्या बोटांनी, स्वतःसाठी लिहीत असतो. त्याने ती कधी मोठ्याने वाचलेली नाही. कुठे थांबायचं, कुठल्या शब्दावर जोर द्यायचा हे आज कुणीतरी ठरवलं आणि त्याच्या गळ्यात घातलं. एआयचा आवाज आहे हे एकदा सांगितलं तरी पुढच्या तासाभरात कान ते विसरतो. माझा विसरला. पंधरा मिनिटांनी मी 'शॅकलटन म्हणतोय' असंच धरून चाललो होतो.

डोलकाठी

तुमचं म्हणणं समजलं, पण पटलं नाही. तुम्ही हर्लीच्या फिल्मला देवघरात बसवताय. खुद्द हर्लीने तिला तसं कधीच बसवलं नाही.

२४ एप्रिल १९१६ ला शॅकलटन पाच जणांना घेऊन 'जेम्स केर्ड' होडीतून मदत आणायला निघाला. मागे राहिलेले किनाऱ्यावरून हात हलवतायत असा हर्लीचा फोटो आहे. निरोपाचा तो फोटो नंतर खाडाखोड करून 'सुटका' म्हणून लोकांना दाखवला गेला. त्याच्या फिल्मवरून १९१९ चा जो 'साउथ' हा चित्रपट झाला, त्यातले पेंग्विन-सील १९१७ साली तो पुन्हा साउथ जॉर्जिया बेटावर जाऊन चित्रित करून आला, कारण प्रेक्षकांना प्राणी हवे होते. पुढे पहिल्या महायुद्धात अनेक निगेटिव्ह जोडून त्याने लढाईचे देखावे केले, तेव्हा ऑस्ट्रेलियाचा अधिकृत युद्धवार्ताहर चार्ल्स बीन त्यांना सरळ खोटे म्हणाला. हर्ली मागे हटला नाही. त्याच्या मते जे घडलं ते बघणाऱ्यापर्यंत पोचवायचं, मग त्यासाठी निगेटिव्हवर ब्रश फिरला तरी चालेल.

आणि रंगाचं म्हणाल तर 'साउथ' पडद्यावर नुसता काळा-पांढरा नव्हताच, त्याला दृश्यानुसार रंगछटा होत्या. शिवाय हर्लीने त्या जहाजावर पॅजेट पद्धतीच्या रंगीत प्लेट्सही काढल्या. म्हणजे एन्ड्युरन्स रंगात कशी दिसायची याचा पुरावा त्यानेच ठेवलाय. त्याच्या हाती आजची साधनं असती तर त्याने एक दिवसही वाट पाहिली नसती.

रिकामी_रीळ

हर्लीने फसवलं म्हणून आपणही फसवावं? बीनची बाजू मला आजही बरोबर वाटते. निरोपाला सुटका म्हटलं की फोटोतल्या माणसांच्या चेहऱ्याचा अर्थच बदलतो. त्यांना तेव्हा ठाऊकच नव्हतं की कुणी परत येणार आहे. चार महिने ते उलट्या केलेल्या होड्यांखाली राहिले, ३० ऑगस्टला चिलीचं 'येल्चो' जहाज येईपर्यंत. फोटोतला निरोप हाच त्यांचा खरा क्षण होता आणि तोच पुसला गेला.

रंगछटा आणि आजचे रंग यांतही फरक आहे. अख्खं दृश्य निळं केलं तर कुणी ते खरं समजत नाही, सगळ्यांना कळतं की रात्र दाखवायचीय. आज स्वेटरला तपकिरी, गालाला गुलाबी, कुत्र्याला राखाडी रंग येतो आणि बघणाऱ्याला वाटतं कॅमेऱ्यानेच तो टिपला.

पॅजेटप्रेमी

त्या प्लेट्सबद्दल थोडं सांगतो, कारण त्यांचा उल्लेख होतो पण त्या कशा बनतात हे फार कुणी सांगत नाही. साध्या काळ्या-पांढऱ्या प्लेटसमोर लाल, हिरव्या, निळ्या बारीक चौकटींची काच ठेवून फोटो काढायचा. मग तयार पारदर्शिकेवर तशीच काच तंतोतंत जुळवून बसवायची. केसभर सरकली की रंग बिघडले. हलत्या जहाजावर, गोठलेल्या हातांनी हे करणारा माणूस रंगाला शोभेची वस्तू मानत नव्हता. म्हणून डोलकाठींशी सहमत. मात्र या प्लेट्स थोड्याच आहेत. त्यांत नसलेल्या प्रत्येक स्वेटरचा रंग हा अंदाजच आहे.

जुना_डबा

मी काही वर्षं जुन्या फिल्म स्कॅन करण्याच्या कामावर होतो, म्हणून वेगळ्या जागेवरून बोलतो. तुम्ही दोघे रंग आणि आवाज यांवर भांडताय. मला भीती सफाईची वाटते.

जुन्या फिल्मवरचे डाग काढणारं सॉफ्टवेअर साधारण असं चालतं: एक फ्रेम घ्यायची, तिच्या मागची आणि पुढची फ्रेम बघायची. जो ठिपका एकाच फ्रेममध्ये आहे आणि शेजारच्या दोन्हींत नाही, तो कचरा समजून पुसायचा. धुळीसाठी हे उत्तम. पण पडणारा हिमकणही एका जागी एकाच फ्रेममध्ये असतो! एकदा माझ्यासमोर हिमवर्षावाचं दृश्य होतं. मशीनमधून बाहेर आलं तेव्हा आकाश एकदम निरभ्र. माणसं मान खाली घालून, कॉलर वर करून चाललीयत आणि बर्फ पडतच नाहीये. मी ते पूर्ण दृश्य पुन्हा हाताने केलं, फ्रेमागणिक. बारीक दोरखंडांचंही तेच होतं, ते मध्येच तुटतात, गायब होतात.

हर्लीच्या फिल्ममध्ये दुसरं आहे काय? हिमकण आणि दोरखंड. चुकीचा रंग निदान डोळ्यांना दिसतो, त्यावर वाद घालता येतो. पुसलेला हिमकण कुणालाच दिसत नाही, म्हणून त्यावर धागाही निघत नाही.

वेग सुधारणं मात्र मी बदल मानत नाही. कॅमेरा हाताने फिरवायचा, सेकंदाला साधारण १६ फ्रेम. तीच फिल्म २४ ने चालवली की माणसं तुरुतुरु धावायला लागतात. ती तशी कधीच चालत नव्हती. वेग दुरुस्त करणं म्हणजे त्यांना त्यांची चाल परत देणं.

रिकामी_रीळ

हिमकणांचं हे मला माहीत नव्हतं. वाचून पोटात गोळा आला.

चौथी_रांग

रंग, आवाज, सफाई सगळं बाजूला ठेवा. नाट्यरूपांतराचे तुकडे मूळ फिल्मला लागून जोडलेत त्याचं काय? मला तरी तेच सगळ्यात घातक वाटतं.

डोलकाठी

त्याला इलाजच नाही. जहाज सोडल्यावर हर्लीजवळ सिने-कॅमेरा राहिलाच नाही. खिशात मावणारा एक कोडॅक आणि तीन रोल. होड्यांचा प्रवास आणि 'जेम्स केर्ड'मधली साउथ जॉर्जियापर्यंतची १,३०० किलोमीटरची झुंज यांचं हलतं चित्रण जगात नाही. काही दाखवायचंच नाही असं ठरवलं तर गोष्टीचा अर्धा भाग काळ्या पडद्यावर जाईल. आणि फरक ओळखता येतो. हर्लीचा कॅमेरा ट्रायपॉडवर, लांबून, न हलता बघतो. जिथे कॅमेरा माणसाच्या खांद्यामागून डोकावायला लागतो तिथे समजायचं, हे आजचं.

चौथी_रांग

हे तुम्हाला कळतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला कळत नाही. टायटॅनिकचं उदाहरण घ्या. जहाज बुडाल्यावर बातमीपटवाल्यांकडे तिचं चित्रण जवळपास नव्हतं, म्हणून त्यांनी जुळं जहाज 'ऑलिम्पिक'चं १९११ सालचं न्यूयॉर्कमधलं चित्रण दाखवलं आणि आजूबाजूच्या टगबोटींची नावं फिल्मवरून खरवडून टाकली. पांढऱ्या गणवेशातला तो कॅप्टन स्मिथ ऑलिम्पिकवर उभा आहे, आणि शंभर वर्षांनंतरही लोक त्याला टायटॅनिकवरचा म्हणून बघतात. एकदा डोक्यात बसलेलं चित्र खुलाशाने निघत नाही.

उत्तररात्र

मी आवाजांच्या बाजूने लिहितेय आणि कारण घरचं आहे.

बाबांची नजर गेल्या सहा वर्षांत जवळजवळ गेली. ते माहितीपट ऐकतात. याआधी आम्ही लावलेल्या शॅकलटन-पटांत एकच निवेदक सगळ्या डायऱ्या वाचायचा आणि बाबा दर दोन मिनिटांनी विचारायचे, "आता कोण बोलतोय?" या वेळी त्यांनी एकदाही विचारलं नाही. जहाजाचा कप्तान वॉर्स्ली कोण, हर्ली कोण, शॅकलटन कोण हे त्यांना पहिल्या अर्ध्या तासात पक्कं झालं. जहाजाची लाकडं कडकडायला लागली तेव्हा त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. तुम्ही रंगांवर बोलता, फ्रेमवर बोलता. बाबांसाठी हा माहितीपट म्हणजे आवाजच आहेत.

रिकामी_रीळ

उत्तररात्र, तुमच्या बाबांना हे ऐकता आलं याचा आनंदच आहे. पण वेगवेगळे आवाज हवे होते तर वेगवेगळे नट घेता आले असते. नट वाचतो तेव्हा ऐकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं की हा नट आहे.

माझा आक्षेप कुठून येतो ते सांगतो. जहाज बुडालं त्या दिवशी शॅकलटनने डायरीत काही ओळी लिहिल्या. संध्याकाळी पाच वाजता ती नाकावर खाली गेली, मागचा भाग शेवटी गेला. आणि मग: "मला त्याबद्दल लिहिता येत नाही." जो माणूस कागदावरसुद्धा पुढे जाऊ शकला नाही, त्याच्या तोंडून आपण शंभर वर्षांनी बोलणं वदवून घेतो. ती ओळ वाचताना मी स्वतः थांबतो. यंत्राने किती सेकंद थांबायचं हे कुणी ठरवायचं?

डोलकाठी

ही ओळ मलाही पाठ आहे. पण 'त्याचेच शब्द, त्याचाच आवाज' ही शुद्धता शॅकलटननेही पाळली नव्हती. 'साउथ' हे त्याच्या नावाचं पुस्तक त्याने एडवर्ड सॉन्डर्सला सांगितलं, सॉन्डर्सने लिहून काढलं. आपण आज ज्याला शॅकलटनची शैली म्हणतो तिच्यात दुसऱ्याचा हात आहे. तरी ते पुस्तक आपण फेकून देत नाही. आणि नट थांबतो तेव्हा तरी किती सेकंद थांबायचं हे कोण ठरवतं? नट आणि दिग्दर्शकच ना?

रिकामी_रीळ

पुस्तकाचं मान्य, आणि नटाचंही. फरक एवढाच की नटाचं थांबणं मी नटाच्या खात्यावर टाकतो. एआयचं थांबणं शॅकलटनच्या खात्यावर जमा होतं.

पॅजेटप्रेमी

वादात एक गोष्ट राहून जातेय. यातलं काहीही आपल्यापर्यंत पोचायचं नव्हतं. नोव्हेंबर १९१५ मध्ये हर्ली अर्धवट बुडालेल्या जहाजात, कंबरेपर्यंत उघडा, बर्फाच्या लगद्यात उतरला आणि निगेटिव्हचे डबे वर काढले. मग तो आणि शॅकलटन बर्फावर बसले आणि एकेक काचेची प्लेट उजेडात धरून निवड केली. सुमारे १२० ठेवल्या. जवळपास ४०० हर्लीने तिथेच फोडल्या, मागाहून मोह नको म्हणून. मला तर कधीकधी त्या ४०० चीच हळहळ वाटते. त्यांत कुणाचे चेहरे होते?

जुना_डबा

म्हणूनच माझी मागणी साधी आहे. उरलं ते इतकं थोडं असताना, रंगवलेली, साफ केलेली आवृत्ती हवी तितकी करा, पण बिनसफाईचं मूळ स्कॅन तिच्याच शेजारी सगळ्यांना बघायला ठेवा. २०२२ मध्ये बुडालेल्या जहाजाला कुणी हात लावला नाही, अंटार्क्टिक कराराखाली ते संरक्षित स्मारक आहे, एक खिळासुद्धा वर आणलेला नाही. जहाजाच्या लाकडाला जो नियम, तो त्याच्या फिल्मला का नको?

चौथी_रांग

याला माझा पूर्ण पाठिंबा.

डोलकाठी

माझाही. यात माझा विरोध कधीच नव्हता.

उत्तररात्र

काल रात्री इथलं सगळं बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, शॅकलटनचा खरा आवाज कुठे आहे का? १९०९ चं एक रेकॉर्डिंग आहे, मेणाच्या नळकांड्यावर केलेलं, आधीच्या मोहिमेबद्दलचं. ते लावलं. खरखरीतून आवाज येतो, मधले कितीतरी शब्द कळतच नाहीत. बाबा कान पुढे करून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "हा फार घाईत बोलतो गं. तो दुसरा शांत होता."

मग म्हणाले, पुन्हा लाव. चार वेळा ऐकलं. माहितीपट मात्र त्यांना परत त्याच आवाजांत ऐकायचाय, रविवारी.

रिकामी_रीळ

चौथ्यांदा ऐकून काय म्हणाले?

उत्तररात्र

काही नाही. खरखर कमी करता येते का, एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं.