मॅट्रिक्स हेडलाइट कोडिंग करून चालू करता येतो का? कायद्याची आडकाठी खरी की शोरूमची थाप?

करवीर_ड्रायव्हर

नमस्कार मंडळी. गाडी युरोपियन कंपनीची सात सीटर, जुळणी भारतातली, २०२२ चं मॉडेल, टॉप व्हेरियंट. ब्रिटनच्या माहितीपत्रकात याच मॉडेलला मॅट्रिक्स एलईडी दाखवलाय. म्हणजे हाय बीम चालूच राहतो आणि समोरच्या गाडीपुरता तेवढाच भाग काळा होतो. आपल्याकडच्या गाडीचे दिवे बाहेरून अगदी तसेच दिसतात, पण मेनूत नुसता ऑटो हाय बीम. लांबवर एखादी मोटरसायकल दिसली तरी सगळा उजेड खाली.

शोरूममध्ये विचारलं तर "भारतात कायद्याने बंद केलंय" असं उत्तर. पुण्यात एकजण लॅपटॉप जोडून चालू करून देतो म्हणतोय, १८ हजार मागतोय. रस्ता नेहमीचा मलकापूरवरून आंबा घाट उतरून रत्नागिरी, नाहीतर हायवेने पुणे. तर कायदा खरंच आडवा येतो का? कोडिंगने काम होतं का? आणि होत नसेल तर बाहेरून जुने मॅट्रिक्स दिवे आणून बसवले तर?

---

उद्यमनगर_स्कॅनर

१८ हजार आधी खिशात ठेवा.

मॅट्रिक्स हे सॉफ्टवेअरमधलं लपवलेलं बटण नाही. हाय बीमच्या एलईडी वेगवेगळ्या गटांत बसवलेल्या असतात आणि प्रत्येक गट स्वतंत्र मंद किंवा बंद करणारा ड्रायव्हर बोर्ड (एलईडी चालवणारं सर्किट) दिव्याच्या आत असतो. २०१३ मध्ये ऑडी ए८ ला हे आलं तेव्हा एका दिव्यात हाय बीमच्या २५ एलईडी होत्या. २०१६ च्या मर्सिडीज ई-क्लासमध्ये ८४. तुमच्या दिव्यात हे गटच नसतील तर कोडिंग करणारा चालू काय करणार?

घरी तपासता येतं. रात्री गाडी भिंतीसमोर साधारण ५ मीटरवर उभी करा, लो बीम लावा, मग एकाने हाय-लो करावं आणि दुसऱ्याने दिव्याजवळ कान द्यावा. "टक" असा आवाज येऊन भिंतीवरची कट-ऑफ रेघ (उजेड आणि अंधारामधली कड) एकदम नाहीशी होत असेल, तर आत एकच प्रोजेक्टर आणि सोलेनॉइडवर (विजेच्या चुंबकावर) हलणारा पडदा आहे. पडदा वर किंवा खाली, मधलं काही नाही. त्याला बाय-एलईडी म्हणतात. मॅट्रिक्समध्ये लो बीम आहे तसा राहतो आणि त्याच्या वर उभ्या पट्ट्यांचा उजेड येऊन जोडला जातो. पट्ट्यांच्या कडा भिंतीवर नीट बघितल्या तर ओळखू येतात.

दुसरी खूण दिव्याच्या काचेवरच्या ई-मार्कजवळ (ई-मार्क म्हणजे वर्तुळातलं ई, संयुक्त राष्ट्रांच्या नियमाखालच्या मंजुरीची खूण). साध्या हॅलोजन किंवा एलईडी दिव्यावर एच-सी-आर अशी अक्षरं असतात, त्यात सी म्हणजे लो बीम आणि आर म्हणजे हाय बीम. वळणारा, बदलणारा दिवा संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक १२३ खाली मंजूर असेल तर अक्षरांच्या सुरुवातीला एक्स येतो. मात्र एक्स दिसला म्हणजे मॅट्रिक्स असेलच असं नाही, नुसता स्टिअरिंगबरोबर वळणारा दिवाही एक्सवालाच. एक्स नसेल तर मात्र बहुतेक आशा सोडा.

हार्डवेअर नसताना जबरदस्तीने कोड टाकला तर दोनच गोष्टी होतात. एकतर डॅशबोर्डवर दिव्याचा फॉल्ट येऊन बसतो. नाहीतर गाडी "मी समोरच्याला झाकलंय" असं समजून हाय बीम खाली आणतच नाही. हा दुसरा प्रकार घातक. आतल्या माणसाला सगळं झकास दिसतं, म्हणून कळतही नाही. समोरचा शिव्या देत जातो.

---

नियम_१०६

कायद्याचं सांगतो, कारण ही "बंदी"ची गोष्ट अर्धवट ऐकून फिरतेय.

बंदी होती ती अमेरिकेत. तिथल्या एफएमव्हीएसएस १०८ या मानकाने १९६० च्या दशकाच्या शेवटापासून दिव्याचे दोनच प्रकार धरले: लो आणि हाय. अर्धा लो अर्धा हाय असा बीम त्या भाषेत बसतच नव्हता. टोयोटाने २०१३ मध्ये नियम बदलावा म्हणून अर्ज केला, २०१८ ला मसुदा आला, २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने मुदत घालून दिली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये अंतिम नियम निघाला. तरीही युरोपातला दिवा उचलून तिथे लावता येत नाही, कारण चाचणीच वेगळी. युरोपात दिव्याची मोजणी प्रयोगशाळेत होते आणि अ‍ॅडॅप्टिव्ह भाग मंजुरी देणारी संस्था प्रत्यक्ष रस्त्यावर चालवून बघते. अमेरिकेत ट्रॅकवर समोरच्याच्या डोळ्यांच्या जागी किती लक्स (पडणाऱ्या उजेडाचं माप) पडतो ते मोजतात: १५ ते ३० मीटरच्या पट्ट्यात ३.१, ६० मीटरपर्यंत १.८, १२० पर्यंत ०.६, त्यापुढे २२० मीटरपर्यंत ०.३. वळणावरही हेच. शिवाय तिथे एका हेडलॅम्पचा हाय बीम ७५ हजार कँडेलाच्या (झोताच्या तीव्रतेचं माप) वर जाऊ शकत नाही. युरोपीय पद्धतीत सगळ्या गाडीचा मिळून ४ लाख ३० हजारांपर्यंत चालतो. कॅनडाने २०१८ मध्येच दोन्ही पद्धती मान्य करून वाद मिटवला.

म्हणून झालं काय, की अमेरिकेत बऱ्याच गाड्या खऱ्या मॅट्रिक्स दिव्यांसह गेल्या आणि फीचर तेवढं सॉफ्टवेअरने कुलूपबंद. इंटरनेटवर "कोडिंग करा, मॅट्रिक्स चालू करा" हे जे व्हिडिओ फिरतात ते बहुतेक त्या गाड्यांचे. आपल्याकडे नेमकं उलटं आहे. दार उघडं आहे, पण बहुतेक मॉडेलांत सामानच आलेलं नाही.

एका देशाची वाहन-मंजुरी दुसऱ्याने मानायची, अशा संयुक्त राष्ट्रांच्या १९५८ च्या करारात भारत नाही. नुसते समान तांत्रिक नियम ठरवणाऱ्या १९९८ च्या करारात २००६ पासून आहे. त्यामुळे नुसता ई-मार्क म्हणजे इथली मंजुरी नव्हे. इथे एआयएस (वाहनांची भारतीय) मानकं चालतात, चाचणी पुण्याची एआरएआय किंवा मानेसरची आयकॅट अशा संस्था करतात. पण दिव्यांच्या बाबतीत एआयएस बरीचशी युरोपीय नियमांच्याच वळणावर बेतलेली आहेत. कायदा आडवा असता तर मर्सिडीज एस-क्लासचा डिजिटल लाइट इथे विकलाच गेला नसता, त्यात तर एका दिव्यात १३ लाख सूक्ष्म आरसे आहेत. २०२५ मध्ये आलेली गोल्फ जीटीआय मॅट्रिक्स घेऊनच आली. ती पूर्ण आयात गाडी. वर्षाला २,५०० गाड्यांपर्यंत कंपनीला इथली होमोलोगेशन (विक्रीआधीच्या मंजुरीची) चाचणी न करता आणायची सवलत २०१८ पासून आहे. जुळणी इथे करायची म्हटलं की किमतीत बसवायला महाग दिवा सगळ्यात आधी कापला जातो. शोरूमवाल्याला हे सांगायला जड जातं, एवढंच.

---

करवीर_ड्रायव्हर

दोघांचेही आभार. भिंतीवर बघितलं, "टक" वाजतंय आणि काचेवर एक्स नाही. म्हणजे कोडिंगचा विषय संपला. आता तिसरा प्रश्न. दुबईहून एका अपघाती गाडीचे मॅट्रिक्स दिवे मिळतायत, जोडीला दीड लाख म्हणतोय. कनेक्टर तोच आहे म्हणे.

---

उद्यमनगर_स्कॅनर

दुबई ऐकूनच थांबा. तिथे वाहतूक रस्त्याच्या उजवीकडून, आपली डावीकडून. लो बीमची कट-ऑफ रेघ सपाट नसते, एका बाजूला साधारण १५ अंशांनी वर चढते, कडेचा माणूस आणि पाट्या दिसाव्यात म्हणून. आपल्याला ती डावीकडे चढलेली हवी. दुबईच्या दिव्यात ती उजवीकडे चढते, म्हणजे थेट समोरून येणाऱ्याच्या तोंडावर. स्क्रू फिरवून हे जात नाही, रचनाच तशी. काही महागड्या दिव्यांत मेनूतून बाजू बदलते, पण ते विकणाऱ्याच्या शब्दावर मानू नका.

ओळखायची खूण सोपी. दिव्यासमोर उभं राहून ई-मार्कजवळ बघा. तुमच्या उजव्या हाताकडे बाण असेल तर तो डाव्या वाहतुकीचा, आपल्या कामाचा. दोन्हीकडे टोक असलेला बाण म्हणजे दोन्हींना चालणारा. बाणच नसेल तर उजव्या वाहतुकीचा, परत पाठवा.

समजा बाण बरोबर निघाला. तरी दिव्यांबरोबर आणखी काय लागतं बघा: दिव्यांचे कंट्रोल मॉड्यूल जुळणारे, विंडशील्डमागचा कॅमेरा मॅट्रिक्सचा डेटा देणाऱ्या आवृत्तीचा (ऑटो हाय बीमचा कॅमेरा बऱ्याचदा फक्त "गाडी आहे / नाही" एवढंच कळवतो), पुढे-मागे सस्पेन्शनवरचे लेव्हल सेन्सर, त्यांचं वायरिंग आणि बॉडी कंट्रोल मॉड्यूलचं (दिवे वगैरे सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचं) कोडिंग. फोक्सवॅगन गटाच्या साधारण २०२० नंतरच्या नव्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्या गाड्यांना एसएफडी कुलूप आहे. कंपनीच्या सर्व्हरकडून टोकन आल्याशिवाय कोडिंग लिहूच देत नाही. कनेक्टर बसला म्हणजे गाडीने दिवा ओळखला असं नव्हे. दीड लाखाचा हिशेब अडीचवर कधी जातो कळत नाही, आणि शेवटी उभी राहते ती फॉल्ट दाखवणारी गाडी.

---

नियम_१०६

कायद्याच्या बाजूनेही यात अर्थ नाही. मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या बदलांवरचं कलम ५२ दिव्याच्या बदलाला थेट लागू होतं का यावर वकील वाद घालू शकतात. पण केंद्रीय मोटार वाहन नियम १०६ ला वाद नाही. दिव्यापासून ८ मीटरवर, दिव्याच्या उजवीकडे अर्धा मीटर आणि जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे त्याला झोत दिपवता कामा नये, किंवा तो खाली वळवता आला पाहिजे. उजवीकडे चढणारा लो बीम या नियमाच्या हेतूच्याच विरुद्ध. कलम १८२अ(४) खाली नियमबाह्य बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. अपघात झाला तर विम्याचा सर्व्हेयर दिव्यावरचा पार्ट नंबर वाचतो, हे वेगळं.

---

गगनबावडा_उतार

सगळे मॅट्रिक्सच्या मागे, पण आहे तो लो बीम नीट लावलाय का ते कुणी विचारलं नाही. निम्मा त्रास तिथेच असतो.

टायरमध्ये हवा बरोबर, ड्रायव्हरच्या सीटवर साधारण ७५ किलोचा माणूस, मागे सामान नाही, लेव्हलर (झोत वर-खाली करणारी चकती) शून्यावर. सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी सरळ उभी करायची. दिव्यावर किंवा बॉनेटखाली १.०% किंवा १.२% असं छापलेलं असतं. १.०% म्हणजे १० मीटरवर कट-ऑफ दिव्याच्या मध्यापेक्षा १० सेंटीमीटर खाली. दिवा ७५ सेंटीमीटर उंच असेल तर रेघ भिंतीवर ६५ वर हवी. असा दिवा ७५ मीटरपर्यंत रस्ता पकडतो. दीड टक्का खाली असेल तर ५० मीटरवरच उजेड संपतो. ताशी ८० ला विचार करायला दीड सेकंद धरला तर ३३ मीटर आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेकला आणखी ३५. म्हणजे ५० मीटरच्या उजेडात तुम्ही आंधळेपणाने चालवताय. उलट सपाटीपेक्षा अर्धा टक्का वर राहिला तर १०० मीटरवर झोत दिव्याच्या उंचीपेक्षा अर्धा मीटर वर जातो, समोरचा मेला. ऑटो लेव्हलिंग (झोताची उंची मोटरने आपोआप जुळवणं) असलेल्या गाडीत आधी स्कॅनरने बेसिक सेटिंगमध्ये नेऊनच स्क्रू फिरवायचा, नाहीतर मोटर पुन्हा चुकीच्या जागी नेते. मागच्या सस्पेन्शन आर्मवरची सेन्सरची छोटी काडी खड्ड्यात तुटते, तीही बघून घ्या.

ऑटो हाय बीम उगाच खाली येत असेल तर आधी काच बघा राव. कॅमेरा आरशामागे असतो आणि नेमका तिथेच फास्टॅग चिकटवलेला असतो. कुणाची जोतिबाची पट्टी वरून थोडी खाली आलेली असते. कॅमेऱ्यासमोरचा काचेचा तुकडा मोकळा पाहिजे, आतून साचलेलं तेलकट धुकंही पुसलेलं. विंडशील्ड बदलली असेल तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन झालंय का विचारा. ते न करताच बऱ्याच गाड्या बाहेर पडतात.

आणि घाटात मॅट्रिक्स असूनही फार फरक पडला नसता. कॅमेऱ्याला दिसलेल्या दिव्यालाच तो झाकतो. युरोपीय नियमात सरळ रस्त्यावर समोरची गाडी ४०० मीटरवर, पुढे चाललेली १०० वर आणि दिवा लावलेली सायकल ७५ मीटरवर ओळखावी लागते. आंब्याच्या वळणावर समोरची एसटी डोंगराआडून एकदम येते, कॅमेऱ्याला कळेपर्यंत ड्रायव्हरच्या डोळ्यांवर झोत बसलेला असतो. हायवेवर दुभाजकाच्या झाडीआड ट्रकचे दिवे झाकले जातात, पण केबिनमधला ड्रायव्हर झाडीच्या वर बसलेला. आणि गळीत हंगामात उसाची ट्रॉली. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने भरलेला. कॅमेऱ्याच्या हिशेबी तिथे काहीच नाही, मग हाय बीम तसाच. ट्रॉली दिसायला ते बरंच, पण वर बसलेल्या ट्रॅक्टरवाल्याच्या आरशात सगळा झोत जातो.

म्हणून घाटात ऑटो बंद करून हातानेच डिप्पर. पावसाळ्यात गगनबावड्याला किंवा आंब्याला धुकं उतरलं की लो बीम आणि पुढचे फॉग, हाय बीम लावलात तर समोर पांढरी भिंत. हेअरपिनला मदत होते ती कॉर्नरिंग फॉगची, कारण तो कमी वेगात आणि थेट बाजूला लागतो. तुमच्या गाडीत तो असेल, मेनूत बघा, बऱ्याचदा बंद करून ठेवलेला असतो.

---

करवीर_ड्रायव्हर

फास्टॅग खरंच कॅमेऱ्याच्या पट्ट्यात निम्मा गेलाय. काढून दुसरा घेऊन बाजूला लावतो. कॉर्नरिंगही मेनूत सापडलं, बंदच होतं. अलाइनमेंट मशीनवर करून घ्यावं का भिंतीवर चालेल?

---

उद्यमनगर_स्कॅनर

भिंतीवर अंदाज येतो, पण तुमच्या गाडीला ऑटो लेव्हलिंग असेल तर लेन्सवाला बीम सेटर (झोत मोजायचं यंत्र) आणि स्कॅनर दोन्ही असलेल्या ठिकाणीच जा. जाताना टाकी निम्म्याच्या वर भरलेली ठेवा, मागचं सामान उतरवा आणि काम झाल्यावर फॉल्ट मेमरी साफ करून त्याचा प्रिंट मागा. आणि तिथे कुणी "जास्त पॉवरचा बल्ब टाकू का" विचारलं तर बाय-एलईडीत बल्बच नसतो, एवढं सांगून गाडी दुसरीकडे न्या.