मदत हवी आहे: कान्हेरीच्या कातळावरचं पांढऱ्या खोडाचं झाड कोणतं?

नमस्कार मंडळी. रविवारी आईला घेऊन बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात गेले होते. कान्हेरी लेण्यांच्या वरच्या कातळावर एक झाड दिसलं, ते मनातून जातच नाही. अंगावर एक पान नाही. खोड पांढरंफटक, साल कागदासारखी सुटलेली. फांद्यांच्या टोकांना लाल, लवदार फळांचे झुबके, प्रत्येक झुबका पाच टोकांच्या चांदणीसारखा. आई म्हणाली, "हा कांडोळ. आमच्याकडे भुत्या म्हणतात." हात मात्र लावू दिला नाही, ती लव टोचते म्हणे. कांडोळच ना हा, की त्याच्याच कुळातलं दुसरं काही? फोटो सोबत आहेत.

दुसरं, पळस आणि पांगारा फुलं नसताना लांबून कसे ओळखता? पळसाला पानं तीनच खरी, पण पांगाऱ्याचंही पान तीन दलांचंच. जवळ गेल्यावर पांगाऱ्याचे काटे दिसतात तेव्हा कुठे खात्री होते.

आणि उन्हं कडक व्हायच्या आत माथेरानला अंजनीच्या झाडांचा निळा-जांभळा बहर आईला दाखवायचा आहे. तिचे गुडघे दुखतात. दस्तुरीपासून, म्हणजे गाड्या थांबतात तिथून, पुढे सावलीची, कमी चढाची वाट कोणी सुचवेल का?