गाडी शिकवायला शांत डोक्याचा मास्तर हवाय (वय ५४, एकदा फी भरून फसलेली)

सुदामानगरची_मावशी
नमस्कार मंडळी. इंदूरला आमच्या घरात नऊ वर्षं जुनी वॅगन-आर आहे आणि ती चालवणारा एकच माणूस, म्हणजे हे. यांना आता रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यांचा त्रास होतो. माझी आई देवासला एकटी असते. मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला तिचा फोन आला, तर टॅक्सी मिळेपर्यंत माझा जीव नुसता टांगणीला. दुसऱ्या दिवशीच ठरवलं, आता शिकायचंच.

यांच्याकडून शिकून पाहिलं. दसरा मैदानाजवळ तीन रविवार गेले आणि प्रत्येक रविवारानंतर घरात दोन दिवस अबोला. तो नाद सोडला.

मग एका शाळेत पंधरा दिवसांचे साडेचार हजार भरले. रोज अर्धा तास. त्यातली दहा मिनिटं पुढच्या विद्यार्थ्याला घरून उचलायला, आणि दोनदा तर माझ्याच वेळात सीएनजीच्या रांगेत उभे होतो! मास्तर वयाने माझ्या मुलाएवढा. ओरडायचा नाही, पण "अरे मैडम, इतना सिंपल तो है" असं म्हणून जो उसासा टाकायचा, त्यापेक्षा ओरडलेलं परवडलं असतं. पंधराव्या दिवशी म्हणाला, आपका तो हो गया. मीही खूश. घरच्या गाडीत बसले आणि फाटकातून बाहेर काढेपर्यंत पाच वेळा बंद पाडली. शाळेच्या गाडीत एकदाही बंद पडली नव्हती, हे कसं?

लर्निंग लायसन्सचे अजून चार महिने आहेत. अन्नपूर्णा, फूटी कोठी या बाजूचा कुणी अनुभवी, न चिडणारा मास्तर माहीत आहे का? नसेल तर निदान ओळखायचा कसा, ते सांगा. ऑटोमॅटिक घ्या असं सांगू नका, गाडी घरात आहे ती आहे.

पागनीसपागेचा
मावशी, शाळेच्या गाडीत बंद पडली नाही, कारण क्लच तुम्ही नाही, मास्तर दाबत होता. त्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात. तुम्ही पंधरा दिवस स्टिअरिंग शिकलात, बाकी गाडी त्यानेच चालवली.

ओटल्यावरची
वरचं अगदी खरं. मी ४७व्या वर्षी शिकले, दुसऱ्या खेपेला. पहिली खेप तुमच्यासारखीच गेली.

दुसरे मास्तर साठीच्या आसपासचे होते, बोलायला रुक्ष. पण त्यांची एक सवय होती. स्वतःच्या पायाने ब्रेक किंवा क्लच दाबला की लगेच मोठ्याने सांगायचे, "ये मैंने लगाया." पहिल्या दिवशी मला ते चौदा वेळा ऐकावं लागलं. मोजत होते मी, अपमानच वाटत होता! शेवटच्या आठवड्यात एकदा, जवाहर मार्गावर, तेही एक हातगाडी अचानक आडवी आली म्हणून. आपण कुठवर आलोय ते अशाने नेमकं कळतं.

आणखी एक. हाफ क्लच त्यांनी दोन दिवस फक्त कानाने शिकवला. ॲक्सिलरेटरला पाय लावायचाच नाही, क्लच हळूहळू सोडायचा, इंजिनाचा आवाज जड झाला आणि बोनेट किंचित उचललं की पाय तिथेच धरायचा. नंतर शास्त्री पुलाच्या चढावर, तेही सकाळी सहाला, हँडब्रेक ओढून पुन्हा तेच. गाडी मागे घसरली तेव्हा म्हणाले, "पीछे कोई नहीं है, मैंने देख लिया था." मला धीर म्हणजे हाच वाटतो. चूक होणार हे धरून त्यांनी जागा आणि वेळ निवडली होती.

तेव्हा फी भरण्याआधी सांगा, की दुसऱ्या कुणाच्या क्लासला मला मागच्या सीटवर बसू द्या. मास्तरचे पाय बघा. तो चुकीच्या आधी बोलतो का नंतर, तेही बघा. "आता त्या गल्लीतून रिक्षा निघेल" म्हणणारा हवा. "दिखा नहीं क्या" म्हणणारे आपल्या घरी आहेतच.

निवृत्त_जीपवाला
३१ वर्षं सरकारी जीप चालवली, म्हणून बोलतो. चांगला चालवणारा चांगला शिकवेलच असं नाही. माझी मुलगी माझ्याकडून शिकली नाही, यात सगळं आलं.

आणि गप्प बसणाऱ्याला शांत समजू नका. अर्धे मोबाइलमध्ये असतात म्हणून गप्प असतात.

नियमही माहीत असू द्या. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत कारसाठी कमीत कमी २१ दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे १० तास आहेत. तुमचे पंधरा अर्धे तास म्हणजे साडेसात, त्यातून सीएनजी वजा. चालवलेल्या तासांचं रजिस्टर शाळेला ठेवावं लागतं, ते मागा. कुरकुर केली की समजून जा. रोज तोच मास्तर येणार का, हे आधी विचारा. शेवटचे चार दिवस तुमच्याच वॅगन-आरमध्ये घ्यायला लावा, तिथे त्याच्या पायाशी काही नाही. पण लाल एल लावायला विसरू नका, पुढे आणि मागे.

सुदामानगरची_मावशी
सगळ्यांचे आभार. तीन ठिकाणी जाऊन आले. एकाने "ऐसा नहीं होता मैडम" म्हणून दारातूनच कटवलं. दुसरीकडे बसू दिलं, पण मास्तर पूर्ण वेळ जावयाच्या नोकरीबद्दल फोनवर.

तिसरे पन्नाशीचे. शिकणाऱ्या मुलीने फूटी कोठीच्या चौराह्यावर, ऐन सिग्नलला गाडी बंद पाडली, मागे हॉर्नचा गोंधळ. मास्तर म्हणाले, "बजाने दो, न्यूट्रल करो, चाबी घुमाओ." आवाज जराही चढला नाही. पाय मात्र सारखे हलत होते आणि सांगत काहीच नव्हते. उतरल्यावर मी तेच विचारलं, तर हसले, म्हणाले आजवर कुणी विचारलं नव्हतं, तुम्हाला सांगत जाईन. घरच्या गाडीत शेवटचे चार दिवस द्यायलाही तयार, फक्त पैसे थोडे जास्त.

सोमवारपासून सकाळी साडेसहा. यांना अजून सांगितलेलं नाही.