जन्म व्हर्जिनियाचा की वेस्ट व्हर्जिनियाचा?

ओहायोची सून: आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत सासूबाईंनी (अमेरिकन, वय 84) माझ्याकडे पाहिला आणि तेव्हापासून "माझ्या पणजोबांचंही असं काही काढ" म्हणून मागे लागल्यात. हे पणजोबा ओहायोतल्या गॅलिया काउंटीत नदीकाठी मका लावायचे, डुकरं पाळायचे. 1880 च्या जनगणनेत जन्म व्हर्जिनियाचा, 1900 मध्ये वेस्ट व्हर्जिनियाचा! वयावरून साल 1838 च्या आसपास. आईवडिलांची नावं कुठेच नाहीत. नेटवर कुणीतरी त्यांना थेट इंग्लंडच्या सरदाराला नेऊन चिकटवलंय, त्यावर माझा काडीचा विश्वास नाही. ही दोन वेगळी माणसं तर नव्हेत ना?

जुनी वही: माणूस एकच असेल हो. जन्मठिकाण जागचं हललं नाही, राज्य हललं. 1863 मध्ये व्हर्जिनियातून वेस्ट व्हर्जिनिया वेगळं झालं. गॅलियासमोर नदीपलीकडे मेसन काउंटी आहे, तिथली 1850 ची पानं काढा आणि बारा वर्षांचा पोरगा शोधा. 1850 पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहीत, त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं. मात्र नातं 1880 पर्यंत लिहीतच नसत, त्यामुळे पोरगा दिसला की लगेच मुलगा म्हणू नका, पुतण्याही असेल. आडनाव गणनावाल्याच्या कानाला आलं तसं लिहिलेलं असतं. शेजारची घरंही बघा.

सदाशिव पेठी: पणजोबा अमेरिकेच्या यादवी युद्धात होते का? 1890 ची जनगणना 1921 च्या आगीपायी जवळजवळ सगळी गेली, पण उत्तरेकडून लढलेल्यांची वेगळी यादी होती, तिच्यातली ओहायोची पानं शिल्लक आहेत. नाव मिळालं तर वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून पेन्शनची फाइल मागवा. विधवेला पेन्शनसाठी लग्न सिद्ध करावं लागे, मग शेजाऱ्यांचे जबाब आले. माझ्या बायकोच्या घरच्या फाइलीत तर बायबलमधून फाडलेलं पान निघालं, पोरांच्या जन्मतारखांसकट. सरदाराचं सोडा.

ओहायोची सून: दोघांचेही आभार. 1890 च्या यादीत नाव सापडलं, फाइल मागवलीय. आणि मेसनमध्ये 1850 ला त्या नावाचा बारा वर्षांचा मुलगा आहे! पण घरात मोठं माणूस एकच, 61 वर्षांची बाई, आडनाव तेच. शेजारच्या घरातही तेच आडनाव. सासूबाई म्हणतात, "आजीच ती." मी तूर्त पेन्सिलीने लिहून ठेवलंय.