झपाटलेला परत बघितला, या वेळी भीती वेगळ्याच गोष्टीची वाटली

लूमवाला_पूर्वभाग

परवा रविवारी मुलीबरोबर बसून झपाटलेला अख्खा बघितला, लहानपणानंतर पहिल्यांदाच. ती आठ वर्षांची आहे. वर्गातल्या कुठल्यातरी पोरानं त्यातल्या जिवंत झालेल्या बाहुल्याचा, तात्या विंचूचा, आवाज काढून दाखवला आणि तेव्हापासून महिनाभर पप्पा लावा ना, पप्पा लावा ना. शेवटी लावला. आता तिलाही झोप नाही आणि मलाही नाही, कारणं वेगळी आहेत, म्हणून इथं लिहायलोय.

पिक्चर १९९३चा. मी बघितला तो त्यानंतर एखाद-दोन वर्षांनी, इथं सोलापुरात, गणपतीत. मंडळानं टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणला होता, एका रात्रीत तीन पिक्चर, सगळी गल्ली रस्त्यावर सतरंज्या टाकून बसलेली. आजी कडेला मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. तिला मराठी अर्धवटच यायचं, घरात सगळं तेलुगू, तरी तो बाहुला मान वळवायचा तेव्हा तिचे हात थांबायचे. ज्यांच्या घरात विड्या होत्या त्यांना कळेल हे काय असतं, हजार विड्यांवर मजुरी, हात थांबवून कोण बसतंय.

आणि नेमकं बाहुला बोलायला लागल्यावर लाइट गेली. लाइट जाणं नवीन नव्हतं, पण आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना चादरी विणणारे कारखाने, लूमची म्हणजे यंत्रमागांची खडखड रात्रंदिवस, ती इतकी अंगात मुरलेली असते की ऐकूच येत नाही. लाइट गेली की सगळे लूम एकदम बंद पडतात आणि तेव्हा कळतं की इतका वेळ आवाज होता. तसली शांतता मी परत कधी अनुभवली नाही. अंधारात कुणीतरी बाहुल्याचा आवाज काढला आणि अर्धी गल्ली किंचाळली.

त्या रात्री घरी आलो तर ताईची बाहुली कपाटावर बसलेली. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर घेतलेली, डोळे उघडझाप करणारी. मी सकाळी उठून ती कारखान्यात नेली आणि बाहेरगावी जाणाऱ्या चादरींच्या गठ्ठ्यात खुपसून टाकली. गठ्ठा गेला. ताई आठ दिवस रडली, घरभर शोधली, मी पण तिच्याबरोबर शोधायचं नाटक केलं. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

तर मुद्दा हा की परवा बाहुल्याची भीती अजिबात वाटली नाही. उलट किती छान बनवलाय असं वाटत राहिलं. भीती वाटली ती लक्ष्याची, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डेंची, वेळ बघून. माणूस जीव तोडून सांगतोय की हा बाहुला जिवंत आहे, मला मारायला आलाय, आणि एकही माणूस ऐकून घेत नाही, उलट ह्यालाच वेडा ठरवतात. लहानपणी आम्ही त्या सगळ्या सीनला पोट धरून हसलो होतो. आता घशाशी आलं. कारण मुलगी रात्री पप्पा तिथं काहीतरी आहे म्हणाली की मी पण काय म्हणतो, काही नाहीये, झोप. न बघताच म्हणतो.

तुमच्यापैकी कुणी मोठेपणी परत बघितलाय का, तुम्हाला काय वाटलं? आणि मुलगी विचारतेय की बाहुल्याच्या आत कोण होतं. मशीन असतं गं एवढ्यानं तिचं समाधान होत नाहीये आणि रात्री ती बाथरूमला एकटी जात नाहीये. नीट उत्तर पाहिजे.

शेंगाचटणी

काय आठवण काढलास बे!! आम्ही सात रस्त्याकडचे, आमच्या इथं तर कुणाशी भांडण झालं की लांबून हात करून तात्या विंचूचा मंत्र ओम फट् स्वाहा म्हणायचं आणि पळायचं, समोरचा पोरगा खरंच घाबरायचा, आपण त्याच्या अंगात शिरलो तर म्हणून. एकाची आई आमच्या घरी तक्रार घेऊन आली होती.

मी दर दोन-तीन वर्षांनी बघतो. मला अजून हसू येतं आणि अजून भीती पण वाटते, दोन्ही एकाच वेळी, तुझ्यासारखं बदललं नाही. एक सांगतो, ज्या माणसानं तात्या विंचू केला त्याच दिलीप प्रभावळकरांनी त्याच्या दोनच वर्षं आधी चौकट राजामधला मनानं लहानच राहिलेला नंदू केला होता. आणि पुढं २००६ला लगे रहो मुन्नाभाईत गांधीजी केले, त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. माणूस तोच आणि बाहुल्याचा आवाज पण त्यांचाच. तो आवाज नुसता ऐक, डोळे मिटून. ओरडत नाही तो जास्त. ऐटीत बोलतो, त्याची भीती वाटते.

२०१३ला दुसरा भाग आला तो थ्रीडी होता, चष्मे लावून सगळे चुलतभाऊ बघायला गेलो होतो. बाहुला अंगावर येत होता तरी काही झालं नाही. लक्ष्या नव्हता ना. २००४च्या डिसेंबरात गेला तो, पन्नास-बावन्न काय ते वय. घाबरणारा माणूस खरा पाहिजे, बाहुला मग आपोआप खरा होतो.

पुण्यात_पण_सोलापूरचा

पिक्चर मलाही आवडतो पण हे सांगायलाच पाहिजे की मूळ कल्पना इंग्रजी पिक्चरची आहे, चाइल्ड्स प्ले, १९८८. गुंडाला पोलिसांची गोळी लागते, मरता मरता मंत्र म्हणून तो बाहुल्यात जातो, आणि परत माणूस व्हायचं असेल तर ज्याला पहिल्यांदा आपलं गुपित सांगितलं त्याच्याच शरीरात जावं लागतं. हे सगळं तिकडचंच आहे. मी कॉलेजला असताना ते बघितलं आणि खरं सांगतो, फसवल्यासारखं वाटलं होतं, कारण तोपर्यंत मला वाटायचं तात्या विंचू आपलाच.

पण लूमवाला तू लिहिलंस ते वाचून एक गोष्ट नव्यानं लक्षात आली. तिकडं ज्याच्या मागं बाहुला लागतो तो सहा वर्षांचा पोरगा आहे. सहा वर्षांच्या पोराचं कुणी ऐकत नाही ह्यात नवल काही नाही, पोरांचं कुणीच ऐकत नाही. झपाटलेलाचे दिग्दर्शक महेश कोठारेंनी तिथं लग्नाच्या वयाचा बाप्या ठेवला आणि वर त्याला बोलक्या बाहुल्यांचा नाद लावून दिला. म्हणजे हा माणूस रोज बाहुल्यांना बोलायला लावतो, त्यानंच हा खरंच बोलतोय म्हटलं तर कोण विश्वास ठेवणार? ही गाठ मराठीत मारलेली आहे, ती तिकडं नाही. त्यामुळं तुला जे घशाशी आलं ते उसनं नाहीये.

अजून एक. बेर्डेंचा एक होता विदूषक मिळाला तर बघ, १९९२चा, जब्बार पटेलांचा, पटकथा पुलंची. झपाटलेलात लक्ष्याची आई झालेल्या मधू कांबीकर त्यात पण आहेत. तमाशातल्या सोंगाड्याची गोष्ट आहे, लोकांना हसवणाऱ्याचं आतलं दुःख. ते बघून लगेच झपाटलेला लावला तर लक्ष्याचा चेहरा निराळाच दिसतो, माझा अनुभव आहे.

बाहुलीवाल्या_बाई

दादा, मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि पहिली-दुसरीला वर्गात हातबाहुल्या वापरते, त्यामुळे तुमच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मला द्यावंसं वाटतंय.

तिला सांगा की तात्या विंचूचा बाहुला रामदास पाध्ये यांनी केला. त्यांच्या वडिलांपासून घरात बोलक्या बाहुल्या आहेत, अर्धवटराव हा बाहुला त्यांचाच. आणि मुख्य म्हणजे टीव्हीवरच्या पापडाच्या जाहिरातीतला कर्रम कुर्रम करणारा ससा आहे ना, तो पण त्यांचाच. तो ससा तिला आधी दाखवा. ज्या हातांनी ससा हलवला त्याच हातांनी हा बाहुला बनवला हे पोरांना पटकन पोचतं. मशीन म्हटलं की त्यांना वाटतं ते रात्री आपोआप चालू होईल. हात म्हटलं की हाताला माणूस असतो, आणि माणूस रात्री घरी जाऊन झोपतो.

आणि शब्दभ्रम, म्हणजे ओठ न हलवता बोलून बाहुलीच बोलतेय असं भासवणं, काय असतो ते तिला करूनच दाखवा. आरशासमोर उभं राहायचं, दात थोडे उघडे, ओठ अजिबात हलवायचे नाहीत आणि क ते न सगळी अक्षरं म्हणायची. येतात. प फ ब भ म आलं की अडतं, कारण ती ओठ मिटल्याशिवाय येत नाहीत. मग कलाकार काय करतात, म च्या जागी जीभ मागं नेऊन न सारखं काहीतरी म्हणतात, ब च्या जागी ग किंवा ड च्या जवळचं, आणि आपला कान ते दुरुस्त करून घेतो. आवाज कुठं लांब फेकलेला वगैरे नसतो, तो माणसाच्याच तोंडातून येतो, पण आपले डोळे जे तोंड हलताना बघतात तिथूनच आवाज आला असं आपला मेंदू ठरवून टाकतो. सिनेमात तर आवाज नंतर पण भरता येतो, त्यामुळं ओठांची अडचण नसते, सगळं काम हलवणाऱ्याच्या हातात येतं. मान किती वळवायची, डोळे कधी फिरवायचे, आणि कधी काहीच करायचं नाही. माझा अनुभव असा आहे की वर्गात बाहुली गप्प बसून एखाद्या मुलाकडं नुसती बघत राहिली की ते पोर सगळ्यात जास्त अस्वस्थ होतं.

मोजा घ्या, दोन बटणं शिवा, तिच्या हातात घालून द्या, तिला स्वतःला बोलू दे. भीती जाईलच असं मी म्हणणार नाही. आठ वर्षांच्या मुलीला हे खोटं आहे ते दिवसा कळतं, रात्री ते कळणं कुठंतरी जातं. तेवढे दिवस तिच्याबरोबर बाथरूमपर्यंत जा. आणि काही नाहीये असं न बघता म्हणू नका, हे तुम्ही स्वतःच लिहिलंय. दिवा लावून तिच्यासमोर बघा.

लूमवाला_पूर्वभाग

बाई, काल सगळं करून बघितलं. सशाची जाहिरात तिनं अकरा वेळा लावली. आरशासमोर आम्ही दोघं अर्धा तास उभे होतो, तिचं प फ ब भ म माझ्यापेक्षा चांगलं येतंय, पप्पा म्हणायचा प्रयत्न केला की टट्टा येतंय आणि ती हसून खाली बसतेय. मोजा माझाच घेतला. बटणं आमच्याच कारखान्यातल्या एका बाईंनी शिवून दिली, आणि टॉवेलचा एक तुकडा त्याच्या गळ्यात उपरण्यासारखा बांधून दिला.

रात्री परत म्हणाली कपाटावर काहीतरी आहे. उठलो, दिवा लावला, स्टूल घेतलं, तिला कडेवर घेऊन वर बघितलं. हिवाळ्याची चादर होती आणि एक जुनी छत्री. तिनं छत्रीला हात लावून बघितला, मग झोपली.

पुणेकर, एक होता विदूषक या शनिवारी बघणार आहे, एकटाच. आणि ताईला फोन केला होता. बाहुलीचं सांगितलं, गठ्ठ्याचं. ती बराच वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली, तिचं नाव तरी आठवतंय का तुला. मला आठवत नव्हतं. तिला आठवत होतं. येत्या संक्रांतीला तिला गड्ड्याला बोलावलंय, पोरीला घेऊन तिघं होम मैदानावर जाणार आहे. डोळे उघडझाप करणारी बाहुली अजून कुणी विकतं का तिथं, कुणाला माहीत असेल तर सांगा.

शेंगाचटणी

यात्रेत खेळण्यांच्या रांगा लागतात की, एक सोडून दुसरीकडं मिळेलच. नाही मिळाली तर मला सांग, मी येतो शोधायला.