मुक्त विद्यालयातून बारावी विज्ञान : प्रात्यक्षिकांबाबत मदत हवी आहे

मी धडगाव तालुक्यात शिक्षिका आहे. आमच्या पाड्यावरच्या दोन मुली मराठी माध्यमातून दहावी उत्तीर्ण झाल्या असून त्यांना विज्ञान शाखाच हवी आहे. मात्र लहान भावंडांना सांभाळायला घरी दुसरे कोणी नसल्याने वसतिगृहाचा पर्याय कृपया सुचवू नये. राज्य मंडळाच्या १७ नंबर अर्जाची (खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसण्यासाठीचा अर्ज) चौकशी केली, पण त्यातून विज्ञान शाखा घेता येत नाही. म्हणून राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजेच एनआयओएसचा विचार करतो आहोत. तिथली नोंदणी ५ वर्षे वैध असते आणि परीक्षा वर्षातून दोनदा होतात, ही या मुलींसाठी फार मोठी सोय आहे. नेटवर्कसाठी त्या संध्याकाळी टेकडीवर जातात, धड्यांचे व्हिडिओ उतरवून आणतात आणि रात्री एकाच फोनवर दोघी मिळून पाहतात, त्यामुळे लेखी अभ्यासाची मला चिंता नाही.

ज्यांनी या मार्गाने विज्ञान शाखा पूर्ण केली किंवा करवून घेतली, त्यांनी कृपया सांगावे : भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकांसाठी अभ्यासकेंद्रात प्रत्यक्ष किती दिवस जावे लागले, आणि ते दिवस सलग एकाच खेपेत पूर्ण करता येतात का?